सोबत म्हणून आणलेली मादी : नाशिकच्या एका घरातले शॅमेलिऑन प्रकरण

घर नाशिकला, गोविंदनगरात, तिसऱ्या मजल्यावर. हॉलच्या कोपऱ्यात, बाल्कनीच्या सरकत्या काचेजवळ, दोन बाय दोन फुटांचा आणि चार फूट उंच जाळीचा पिंजरा. आत दहा महिन्यांचा व्हेल्ड शॅमेलिऑन नर (रंग बदलणाऱ्या सरड्याची ही एक परदेशी जात), वजन ११८ ग्रॅम. रंग स्वच्छ हिरवा, अंगावर पिवळे पट्टे, खाणेपिणे ठीक. त्याची स्वतःची काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती आजींची. "दिवसभर एकटाच बसून असतो रे. आपण लव्हबर्डचीसुद्धा जोडीच आणली होती ना?" नातू म्हणाला, "आजी, तो तसाच असतो गं." पण पंधरा दिवसांत त्याचेही मन पाघळले आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सहा महिन्यांची मादी घरी आली. वजन ६४ ग्रॅम. विकणाऱ्याने सांगितले होते, "नर-मादी आहेत, भांडणार नाहीत. दोन नर ठेवू नका म्हणजे झालं."

हे प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे. घर, माणसे आणि वहीतले आकडे नमुन्याचे. घटनांचा क्रम मात्र शॅमेलिऑन जोडीने ठेवणाऱ्या घरांत दिसतो तोच. विकणाऱ्याचे वाक्य अर्धे खरे आहे. दोन नर एकत्र आले की तंटा लगेच पेटतो, त्यामुळे ते लगेच वेगळेही केले जातात. नर-मादीत तसा देखावा होत नाही. एकही चावा न बसता मादी उतरणीला लागते, आणि तोवर घरचे समजत असतात की दोघांचे जमले.

पहिला पंधरवडा

नातवाने एक काम चांगले केले होते, ते म्हणजे वहीत नोंदी ठेवणे. ठरावीक दिवसांनी वजन, रोज खाल्लेले किडे, रंग, बसायची जागा. वजनाला स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. काट्यावर आडवी काठी बसवलेले छोटे स्टँड ठेवायचे, काटा शून्यावर आणायचा आणि प्राण्याला स्वतःहून काठीवर चढू द्यायचे. मुठीत धरून वजन केले तर तो धडपडतो, आकडा नाचतो, आणि पुढच्या वेळी नुसता हात दिसला तरी तोंड वासतो.

पहिल्या दिवशी मादी थेट नराच्या पिंजऱ्यात सोडली. ही पहिली चूक, आणि ती सोबतीच्या प्रश्नाशी संबंधित नाही. नवा प्राणी कोणताही असो, किमान दोन महिने वेगळ्या भांड्यांसह वेगळा ठेवायचा आणि त्याची ताजी विष्ठा तपासून घ्यायची. इथे ती तपासणी अडीच आठवड्यांनी झाली आणि दोघांच्याही विष्ठेत जंतांची अंडी सापडली. कोणी कोणाला दिली हे तेव्हा सांगता येण्यासारखे नव्हते.

नर लगेच उजळला. अंग दोन्ही बाजूंनी चपटे केले, शेपूट गुंडाळत-सोडत, मानेला झटके देत तो फांदीवरून मादीकडे सरकू लागला. मादी काळपट पडली, तोंड वासून जागच्या जागी डोलू लागली. हा स्पष्ट नकार. पण दोन फुटांच्या पिंजऱ्यात नकार देऊन जायचे कुठे? चौथ्या दिवशी त्यांचा समागम झाला. व्हेल्ड मादी चार ते सहा महिन्यांत अंडी धरण्याजोगी होते, पण तेव्हा तिची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते. जाणकार पाळणारे तिला वर्षाची होऊ देतात.

सहाव्या दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. बल्बखाली एकाच फांदीवर दोघे, मध्ये वीतभर अंतर. खाली मावशींचा शेरा, "जमलं बाई दोघांचं!" तो फोटो मोठा करून पाहण्यासारखा आहे. नर फांदीच्या वरच्या अंगाला, बल्बच्या बरोबर खाली. मादी फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकलेली, इकडून फक्त तिची नखे आणि डोक्यावरचा तुरा दिसतो. अंग पातळ करून फांदीआड लपवलेले, रंग गडद. एक डोळा समोर, दुसरा पूर्ण मागे वळून नरावर. रानात ससाणा दिसला की शॅमेलिऑन नेमका असाच फांदीमागे सरकतो. मग ती बल्बपाशी आलीच का? कारण नाशिकच्या फेब्रुवारीत पहाटे चांगला गारवा असतो आणि पिंजऱ्यात ऊब मिळण्याची जागा एकच होती. गारठलेल्या प्राण्याला पचन होत नाही, म्हणून भीती बाजूला ठेवून ती तिथे गेली.

त्यानंतरच्या नोंदी अशा. नववा दिवस : सहापैकी दोन रातकिडे खाल्ले, मादी पिंजऱ्याच्या खालच्या तिसऱ्या भागात. बारावा दिवस : भर दुपारी डोळे मिटलेले. चौदावा दिवस : वजन ५८ ग्रॅम, विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी. सहा ग्रॅमची घट ऐकायला किरकोळ वाटते, पण ती तिच्या वजनाच्या नऊ टक्क्यांहून जास्त आहे. वाढीच्या वयात वजन नुसते थांबले तरी कान टवकारायचे असतात. शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसला तर त्याला झोप येत नसते, तो आजारी असतो किंवा पार हरलेला असतो. नारिंगी रंग म्हणजे पाणी कमी पडले.

याच सुमारास दिंडोरीचे मामा येऊन गेले. "खात नाही म्हणता? मळ्यातले नाकतोडे आणून देतो. ताजे, फुकटचे."

"नको मामा, द्राक्षांवर फवारण्या चालू असतात ना."

नातवाचे उत्तर बरोबर होते. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत बागेत बुरशीनाशके आणि कीटकनाशके फिरत असतात, आणि बांधावरचा नाकतोडा ती अंगावर घेऊनच उड्या मारतो. शंभर ग्रॅमच्या प्राण्याला एवढेही पुरेसे होते. बदल म्हणून द्यायच्याच असतील तर रेशीम अळ्या बऱ्या. मऊ असतात, पाणीदार असतात. शिवाय फवारलेल्या तुतीवर त्या अळ्या स्वतःच जगत नाहीत, ही त्यांची आपोआप मिळणारी हमी.

चावा नाही, तरी वजन का उतरले

शॅमेलिऑनच्या रंगाकडे आपण गंमत म्हणून पाहतो, ते एकमेकांकडे पाहून त्यावरून हिशेब करतात. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतले रसेल लिगॉन आणि केविन मॅकग्रॉ यांनी व्हेल्ड नरांच्या झुंजी चित्रित करून रंग मोजले. २०१३ मध्ये त्यांनी दाखवले की ज्याचे पट्टे जास्त उजळतात तो पुढे सरसावण्याची शक्यता जास्त, आणि ज्याचे डोके जास्त उजळ होते व झपाट्याने रंग बदलते तो बहुधा जिंकतो. पुढच्या वर्षीच्या कामात दुसरी बाजू आली : हरणारा गडद होत जातो. गडद होणे ही शरणागतीची खूण, "मी लढत नाही, मला जाऊ दे" अशी. रानात त्यानंतर तो खरोखरच निघून जातो, झाड बदलतो आणि विषय संपतो. पिंजऱ्यात निघून जायची सोय नाही, म्हणून शरणागती सकाळी बल्ब लागल्यापासून रात्री मालवेपर्यंत चालूच राहते. हा अभ्यास नरांचा आहे, पण गोविंदनगरच्या वहीत मादीच्या रंगापुढे सलग नऊ दिवस 'काळपट' लिहिले आहे, त्याचा अर्थ लावायला तो उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट पिंजऱ्याच्या मांडणीतली. शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात प्रत्येक चांगली वस्तू एकेकच असते. ऊब एका बल्बखाली. यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणाऱ्या नळीचा योग्य मारा वरच्या फांदीवर, खाली उतरावे तसा तो झपाट्याने घटतो. पाणी एका ड्रिपरखाली. इथे ड्रिपर म्हणजे दोन लिटरची बाटली आणि मेडिकलमधून आणलेला नवा सलाईन सेट. सेकंदाला एक थेंब, खाली मनीप्लांटची पाने. सोय उत्तम, कारण शॅमेलिऑन वाटीतले पाणी सहसा ओळखत नाही, पानावरचा हलता थेंब चाटतो. पण ज्याच्या ताब्यात वरची फांदी, त्याच्याच ताब्यात ऊब, किरण आणि थेंब. किड्यांचा डबाही तिथेच टांगलेला. मादीच्या वाट्याला डब्यातून निसटून तळाशी पडलेले किडे आले, आणि तोवर त्यांच्या अंगावरची कॅल्शियमची पूड झडून गेलेली. पोटात अंडी धरत असलेल्या मादीला कॅल्शियम सगळ्यांत जास्त लागते, आणि नेमके तेच इथे तिला मिळत नव्हते.

नराचेही भले चालले नव्हते. वजन ११८ वरून ११५ वर आले. खाणे कमी नव्हते, पण तो दिवसभर पिंजऱ्यात फेऱ्या मारत होता आणि बल्बखाली निवांत बसतच नव्हता.

पिंजरा दुसरा, चूक तीच

पंधराव्या दिवशी मादीला वेगळे काढले. सातपूरच्या एका फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियम सेक्शनचा आणि प्लास्टिक लेपाच्या जाळीचा तसाच पिंजरा बनवून घेतला होता. नुसत्या लोखंडी जाळीवर पावले सोलतात आणि मच्छरजाळीत नखे अडकून तुटतात, म्हणून हा खर्च वाया नाही. फक्त तो पिंजरा ठेवला पहिल्यासमोर, तीन फुटांवर. "एकमेकांना दिसतील तरी बिचारे."

पाच दिवसांत काही फरक पडला नाही. पडलाच तर उलटा. नर समोरच्या जाळीला चिकटून वर-खाली करू लागला आणि त्याच्या नाकपुडीशेजारचे खवले घासून कच्चे झाले. तिथे ओल राहिली तर जखम पिकून तोंडापर्यंत जाऊ शकते. मादीने नव्या पिंजऱ्यातही सगळ्यांत लांबचा, थंड कोपरा धरला. शॅमेलिऑनचा सगळा कारभार डोळ्यांवर चालतो. दोन्ही डोळे स्वतंत्र फिरतात आणि मान न हलवता जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. तीन फुटांवरचा नर त्याला दूर वाटत नाही. तो नजरेत असतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून 'वेगळा पिंजरा' एवढ्याने भागत नाही, दिसणे बंद व्हावे लागते. खोली मात्र एकच चालते, कारण वास आणि आवाज यांचा इथे फारसा संबंध नाही.

विसाव्या दिवशी पाच मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा हलका, अपारदर्शक पत्रा) आणला, चार बाय दोन फुटांचे तीन तुकडे. प्रत्येक पिंजऱ्याच्या शेजाऱ्याकडच्या बाजूला एक, केबल टायने बाहेरून घट्ट. तिसरा मादीच्या मागच्या बाजूला, भिंतीकडून येणाऱ्या सावल्यांसाठी. चारही बाजू बंद करायच्या नाहीत, नाहीतर हवा कोंडते. वरची आणि दर्शनी जाळी मोकळी, आणि बोर्ड तळापासून दोन इंच वर, म्हणजे खालून वारा खेळतो. काम झाले की तपासणी अशी : मोबाईल नराच्या डोक्याच्या उंचीवर, त्याच्या नेहमीच्या फांदीपाशी धरायचा आणि मादीच्या दिशेने फोटो काढायचा. मग खालच्या फांदीवरून, मग जाळीच्या कडेला टेकवून. एकाही फोटोत दुसऱ्या पिंजऱ्यातल्या प्राण्याची शेपटी जरी आली तरी बोर्ड सरकवायचा. इथे तिसऱ्या फोटोत फट सापडली, टीव्हीच्या काळ्या पडद्यातल्या प्रतिबिंबात.

आरशाचा मुद्दा एवढ्यावर संपला नाही. संध्याकाळी सातनंतर बाहेर अंधार, घरात ट्यूबलाइट, आणि बाल्कनीची सरकती काच म्हणजे सहा फुटांचा आरसा. नर रोज त्याच वेळी उजळून, अंग फुगवून काचेवर धावून जात होता. घरचे समजत होते की त्याला रहदारी बघायला आवडते. पडदा सहाला ओढायचा, एवढाच उपाय. शॅमेलिऑनला आपले प्रतिबिंब सोबत वाटेल म्हणून आरसा लावणारेही असतात. तसे करू नये.

बोर्ड लागल्यावर चौथ्या दिवशी मादीने सहापैकी पाच किडे खाल्ले. दुपारी ती हिरवी दिसली, वहीत पहिल्यांदाच.

अंडी

इथे सुटलो असे सगळ्यांना वाटले. पण हिरव्या रंगाच्या पाठोपाठ आठवड्याभरात मादी पुन्हा गडद झाली, आणि या वेळचा गडदपणा वेगळा होता : काळसर हिरव्यावर ठळक पिवळे आणि निळे ठिपके. ही गाभण मादीची खूण. शरणागतीचा काळपटपणा मळकट, एकसारखा असतो आणि कारण नजरेआड झाले की उतरतो. गाभणपणाची नक्षी स्पष्ट असते आणि दिवसभर टिकते. पोटाच्या कडेला द्राक्षासारखे उंचवटेही दिसू लागले.

अंडी घालण्यासाठीची बादली वेळेत ठेवली गेली, हे या प्रकरणातले सुदैव. वीस लिटरची झाकणाविना बादली, तळाला चार छिद्रे. बांधकामाची बारीक वाळू चाळून, तीन पाण्यांनी धुऊन, तिच्यात अर्धी कुंडीची साधी माती, खत न घातलेली. थर किमान ३० सेंटिमीटर. ओलावा किती? मूठ वळली तर लाडू राहावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. मग दोन बोटांनी तिरके, वीतभर खोल भोक पाडून पाहायचे. छप्पर ढासळले तर माती वाढवायची किंवा पाणी. मादी आत पूर्ण शिरेल एवढे भुयार खणते; ते अंगावर कोसळले तर ती सोडून देते आणि अंडी पोटात अडकून राहण्याची भीती असते. बादलीतून वर एक जाड फांदी हवी, म्हणजे तिला चढ-उतार करता येतो.

चौतिसाव्या दिवशी मादीने खाणे बंद केले आणि तळाशी येरझाऱ्या सुरू झाल्या. वजन ७४ ग्रॅम. पिंजऱ्याची दर्शनी बाजू जुन्या चादरीने झाकली, एका टोकाला बोटभर फट ठेवली. खणताना माणूस दिसला तर मादी भुयार अर्धवट टाकते. आजींना हे सांगणे जड गेले, "अगं बाळंतपणाला कोणी एकटं सोडतं का?" पण चादर राहिली. पस्तिसाव्या दिवशी दुपारी तिने अंडी घातली, भुयार बुजवले, वरून पायांनी माती दाबली आणि वर फांदीवर येऊन बसली. वजन ४८. अंडी २२. समागमापासून साधारण महिना, अपेक्षित वेळेत.

त्या संध्याकाळी अर्धा तास सतत ड्रिपर, दुसऱ्या दिवसापासून चार दिवस रोज भरपूर किडे, कॅल्शियमची पूड लावून. हे पथ्य चुकवू नये. अंडी घातलेली मादी सगळ्यांत आधी पाणी मागते.

वेगळे घडले असते तर काय, हेही नोंदवायला हवे. खाणे बंद करून दोन दिवस झाले, मादी खणत नाही, मलूल होऊन तळाशी पडते, डोळे मिटते, अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही. एक्स-रे काढून अंडी मोजावी लागतात. कॅल्शियमची इंजेक्शने, नाही भागले तर शस्त्रक्रिया. सरपटणारे प्राणी पाहणारे पशुवैद्य कमी असतात, म्हणून फोन करून "तुम्ही शॅमेलिऑन पाहता का" हे मादी आणतानाच विचारून ठेवायचे. रात्री अकराला तो शोध सुरू करायचा नाही. आणि नर नसला म्हणून बादली टळत नाही; व्हेल्ड मादी नराशिवायही पोकळ अंडी घालते, आणि ती अडकण्याचा धोका तेवढाच असतो.

बावीस अंड्यांचे काय करायचे यावर घरात दोन दिवस वाद झाला. ती उबवायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात. पिल्ले तीन-चार महिन्यांची होताहोता एकेक करून वेगळी करावी लागतात, म्हणजे बावीस पिंजरे, बावीस बल्ब, बावीस सनबोर्ड. त्यातून कायदा. व्हेल्ड शॅमेलिऑन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती आणि त्याखालचे २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि घरात जन्मलेल्या पिल्लांचीही. घातल्या घातल्या अंड्यातला गर्भ अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असतो, म्हणून ती पहिल्या दोन-तीन दिवसांत डीप फ्रीझरमध्ये ठेवणे हा मान्य मार्ग आहे. तोच घेतला गेला. आजी त्या दिवशी स्वयंपाकघरात फिरकल्या नाहीत.

सोबत कुठे चालते

सरसकट 'कधीच नाही' म्हणणेही बरोबर नाही. अंड्यातून निघालेली पिल्ले पहिले काही आठवडे एकत्र वाढतात. २०१४ मध्ये ॲनिमल बिहेविअर या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सुरुवातीपासून एकेकटी वाढवलेली व्हेल्ड पिल्ले गटात वाढलेल्यांपेक्षा जास्त दबून वागणारी, अधिक गडद आणि भक्ष्य पकडायला संथ निघाली. तेव्हा बालपणीच्या सोबतीला किंमत आहे. पण ती बालपणीचीच. पिल्लांतही एखादे दुप्पट वाढते, शेजाऱ्याची शेपटी किंवा पाय चावते आणि आकारातला फरक स्वतःच वाढवत नेते. दर आठवड्याला आकारानुसार वाटण्या करायच्या, आणि पहिला उजळ पट्टा किंवा पहिली फुगवलेली मान दिसली की गट मोडायचा. मोठ्या वयात सोबत फक्त वीण घेण्यापुरती, तीही मादीचा रंग अनुकूल असताना, डोळ्यांसमोर. तिने तोंड वासले की लगेच बाहेर.

हरितगृहाएवढ्या जागेत काही जातींची जोडी ठेवणारे अनुभवी लोक आहेत. तिथे बल्ब, ड्रिपर आणि लपायला झाडे प्रत्येकी तीन-चार असतात. त्यांचे पाहून दोन बाय दोनच्या पिंजऱ्यात प्रयोग करू नये. आणि त्र्यंबक रोडला पावसाळ्यात रस्ता ओलांडताना दिसणारा आपला देशी शॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, काही भागांत ज्याला घोयरा म्हणतात, तो सोबतीला घरी आणणे हा तर सरळ गुन्हा. तो विषारीही नाही आणि अपशकुनीही नाही. काठीवर घेऊन ज्या बाजूला चालला होता त्या बाजूच्या झाडावर सोडायचा आणि पुढे जायचे.

नंतरची मांडणी

दोन्ही पिंजरे त्याच हॉलमध्ये राहिले, काटकोनात, मध्ये बोर्ड. नराच्या बल्बखालच्या फांदीवर २९ ते ३० अंश, मादीच्या २७. हा फरक मुद्दाम, कारण जास्त ऊब आणि जास्त खाणे मिळाले की मादी जास्त अंडी धरते, चाळीस-पन्नाससुद्धा, आणि आयुष्य झपाट्याने खर्च करते. अंग सावरल्यावर तिला एक दिवसाआड चार-पाच किडे, त्याहून जास्त नाही. साधे कॅल्शियम, डी-थ्री जीवनसत्त्व नसलेले, जवळपास प्रत्येक खाण्याला मिठाच्या चिमटीएवढे. डी-थ्रीसह जीवनसत्त्वे महिन्यातून दोनदा. यूव्हीबीची लांब टी-फाइव्ह नळी, बसायच्या फांदीपासून २० ते २५ सेंटिमीटर वर, वर्षाला बदलायची; उजेड दिसत राहतो पण किरण संपलेले असतात. गोल पिळाचे छोटे बल्ब एवढ्या मोठ्या पिंजऱ्याला पुरत नाहीत.

एप्रिल-मे आला तेव्हा हॉलमध्येच दुपारी ३४ अंश होऊ लागले. अशा दिवशी उबेचा बल्ब सकाळी नऊ-दहापर्यंतच, नळी मात्र दिवसभर. फवारा पहाटे आणि रात्री. भर दुपारी, गरम कोंदट हवेत पाणी मारले की छातीचे आजार मागे लागतात, आणि नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात नेमका तोच मोह होतो. लाइट गेली तर काळजी नाही, सलाईन सेटला वीज लागत नाही.

नराच्या नाकाचे खवले दोन काती टाकल्यावर भरून आले. जूनच्या सुरुवातीला त्याचे वजन १२६, मादीचे ७८. तोवर बादली काढून तिथे कुंडी ठेवावी असा विचार घरात चालू होता, पण नातवाने ती हलवू दिली नाही. शॅमेलिऑन मादी नराचे शुक्रजंतू अंगात साठवून ठेवू शकते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, नर तिच्या नजरेलाही न पडता शंभराहून जास्त दिवस झाले असताना, तिने पुन्हा खाणे सोडले आणि तळाशी येरझाऱ्या घालू लागली. चादर लावली. वजन आधी ९०, नंतर ६१. अंडी २४, पहिल्या खेपेपेक्षा दोनच जास्त. त्यांतली बरीचशी टणक आणि खडूसारखी पांढरी, म्हणजे फळलेली दिसत होती. बादलीतली माती बदलून ती परत जागेवर ठेवली, आणि वहीत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापाशी पेन्सिलने खूण केली.